तिसऱ्या दिवशी उठलेली गाय

गेल्या अंकात कासदाहावर, म्हणजे जंतूंमुळे कास सुजते त्या रोगावर, लिहिताना मी एक वाक्य लिहिलं होतं : अँटिबायोटिकची बाटली फोडण्याआधी दुधाचा नमुना काढून ठेवा. त्या एका वाक्यावर बरीच पत्रं आली. शेतकऱ्यांची आलीच, पण पशुवैद्यक शिकणाऱ्या मुलामुलींची जास्त आली, आणि मला त्याचा मनापासून आनंद झाला. सगळ्यांना इथे जागा देता येत नाही. चार पत्रं घेते. पहिल्याला जागा जास्त जाईल. त्यातला प्रश्न नोकरीच्या पहिल्या वर्षांत माझाही होता, आणि तेव्हा तो कुणाला विचारावा हे मला कळलं नव्हतं.

मॅडम, मी सध्या इंटर्नशिप करते आहे. ज्या दवाखान्यात माझी नेमणूक आहे, तिथे ताप असलेल्या प्रत्येक जनावराला अँटिबायोटिक दिलं जातं. गेल्या पंधरवड्यात तिवा हा तापाचा आजार झालेल्या पाच गायींना एन्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक दिलेलं मी पाहिलं. तिवा विषाणूमुळे होतो आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, हे मी परीक्षेत लिहून आले आहे. सरांना विचारलं तर म्हणाले, "पुस्तक वेगळं, फील्ड वेगळं. पुढे काही वाढू नये म्हणून द्यायचं." पाचही गायी बऱ्या झाल्या. मग माझंच चुकतंय का?
— एक इंटर्न, मराठवाडा

तुझं चुकत नाही. पण तुझे सर तुला फसवतही नाहीत, हे आधी लक्षात घे. त्यांनी सुई टोचली आणि गाय उठली, हे त्यांनी शेकडो वेळा डोळ्यांनी पाहिलंय. डोळ्यांनी पाहिलेलं खोडून काढणं फार अवघड असतं.

माझीच गोष्ट सांगते. पशुधन विकास अधिकारी म्हणून माझी पहिली नेमणूक सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागात झाली. पाऊस उघडला होता, डास आणि चिलटं मातली होती, आणि गावोगाव तिव्याच्या गायी. सणसणीत ताप, अंगाला थरथर, आज या पायाने लंगडते तर उद्या त्या पायाने, आणि मग बसली की उठत नाही. एका वस्तीवर एक म्हातारी गायीच्या पायाला तेल चोळत बसली होती. मी तापाचं औषध दिलं आणि सोबत ऑक्सिटेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिकही टोचलं. का टोचलं? रिकाम्या हाताने परत जायला भीती वाटली म्हणून. तिसऱ्या दिवशी गाय उठली. म्हातारीने नारळ फोडला आणि गावभर सांगितलं, "बाईंच्या हाताला गुण आहे."

हाताला गुण आहे! नव्या डॉक्टरला, त्यातून बाईमाणसाला, त्या वाक्याचं किती बळ वाटतं हे तुला आता कळायला लागलं असेल. त्या बळावर मी दोन पावसाळे प्रत्येक तिव्याला अँटिबायोटिक दिलं.

तिसऱ्या पावसाळ्यात त्याच म्हातारीच्या गोठ्यात एकाच दिवशी दोन गायी बसल्या. माझ्याकडे एकाच गायीपुरतं अँटिबायोटिक उरलं होतं. तापाचं औषध दोघींना दिलं, अँटिबायोटिक फक्त एकीला, जी जास्त दूध देत होती तिला. दुसरीसाठी उद्या घेऊन येते म्हणाले, पण ओढ्याला पाणी आलं आणि माझं जाणं झालं नाही. तिसऱ्या दिवशी पोहोचले तेव्हा दोघी दावणीला उभ्या राहून कडबा खात होत्या. म्हातारी म्हणाली, "बाई, हिला तर तुम्ही ते टोचलंच नव्हतं की." मी तिथेच उभी राहिले. तिव्याला तीन दिवसांचा ताप म्हणतात. तीन दिवसांत तो आपोआप उतरतो, म्हणूनच तर ते नाव. जे नाव मी परीक्षेत लिहून पास झाले होते, त्याचा अर्थ मला एका म्हातारीने दाखवला.

आता तुझ्या सरांचं म्हणणं : पुढे काही वाढू नये म्हणून. कधीकधी ते खरंही असतं. तिव्यात काही गायींना गिळता येत नाही, आणि अशा गायीला कुणी बळजबरीने काढा किंवा गूळपाणी पाजलं की ते फुप्फुसात उतरतं. मग जिवाणूंचा न्यूमोनिया होतो. तिथे अँटिबायोटिक हवंच, आणि पूर्ण मात्रेत हवं. ताप एकदा उतरून परत चढला, श्वास जोरात चालू लागला, नाकातून घट्ट शेंबूड आला, तर अँटिबायोटिक द्यायला तू थांबू नकोस. पण हे सगळं बघून ठरवायचं असतं. पाचपैकी पाच गायींना पहिल्याच दिवशी देणं म्हणजे बघणंच टाळणं. पहिल्या दिवशी मालकाला 'तोंडातून काही पाजू नका' एवढं बजावलंस, तर न्यूमोनिया टाळायला सुईपेक्षा त्याचा जास्त उपयोग होईल. तापाला आणि अंगदुखीला मेलॉक्सिकॅम आहे. डायक्लोफिनॅक नको, २००६ सालापासून आपल्याकडे ते जनावरांसाठी बंद आहे. ते औषध दिलेल्या मेलेल्या जनावरांचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि पाहतापाहता गिधाडं संपत आली. गायीला दिलेलं औषध गायीपाशी थांबत नाही, याचा एवढा ढळढळीत पुरावा आपल्या पिढीने पाहिलाय.

अँटिबायोटिकचंही तसंच आहे, फक्त मेलेलं गिधाड दिसतं आणि हे दिसत नाही. एन्रोफ्लॉक्सॅसिन गायीच्या अंगात गेलं की त्यातल्या काही भागाचं सिप्रोफ्लॉक्सॅसिन होतं. हे तेच औषध, जे तुझ्या घरी कुणाला लघवीचा किंवा पोटाचा संसर्ग झाला तर डॉक्टर लिहून देतात. तिव्याच्या विषाणूला त्याने काहीही होत नाही. पण गायीच्या आतड्यात जे अब्जावधी जिवाणू सुखाने नांदत असतात, त्यातले औषधाला बळी पडणारे मरतात आणि न जुमानणारे उरतात. उरलेल्यांना मोकळं रान मिळतं. ते शेणातून उकिरड्यावर जातात, गव्हाणीत जातात, धार काढणाऱ्याच्या हातावर जातात. पाच गायींच्या तापात काही फरक पडला नाही, पण पाच गोठ्यांतले जिवाणू मात्र बदलले.

आणि एक गोष्ट, जी वर्गात शिकवूनही फील्डवर विसरली जाते : मात्रा. ऑक्सिटेट्रासायक्लिनची ३० मिलीची बाटली तू पाहिली असशील, एका मिलीत ५० मिलिग्रॅम असलेली. संकरित गाय ४०० किलोची धर. किलोमागे ५ मिलिग्रॅम, ही खालची मात्रा धरली तरी २००० मिलिग्रॅम लागतात, म्हणजे ४० मिली. १० मिलिग्रॅमची मात्रा धरली तर ८० मिली. आणि आपण काय करतो? एक बाटली, एक गाय. जंतू मरायला कमी आणि शहाणा व्हायला पुरेसं. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९४५ साली पेनिसिलिनसाठी नोबेल मिळालं, तेव्हाच्या भाषणातच त्यांनी या अपुऱ्या मात्रेचा धोका सांगून ठेवला होता. वजनकाटा नसला तर टेप ठेव. छातीचा घेर इंचांत मोज, त्याचा त्याच आकड्याशी गुणाकार कर, मग खांद्याच्या टोकापासून शेपटीजवळच्या हाडापर्यंतच्या, इंचांतच मोजलेल्या लांबीशी गुणाकार कर, आणि ६६० ने भाग. किलोत वजन येतं, अंदाजे, पण डोळ्यांच्या अंदाजापेक्षा कितीतरी बरं.

सरांशी मालकासमोर वाद घालू नकोस. परत येताना गाडीवर विचार : "सर, या केसमध्ये आपण कुठला जंतू धरला होता?" एवढंच. पुढे शिकवायला लागल्यावर हा प्रश्न मी सव्वीस वर्षं तोंडी परीक्षेत विचारला. मुलांना औषधांची नावं, गट, मात्रा, सगळं पाठ असायचं. या एका प्रश्नाला मात्र बहुतेक जण गप्प व्हायचे. दोष मुलांचा नव्हता. सूक्ष्मजीवशास्त्र एका वर्षात, औषधशास्त्र दुसऱ्या, रोगचिकित्सा आणखी पुढे. तिन्ही एका गायीपाशी आणून जोडायला कुणी शिकवलेलंच नसतं. ते तुला आता या सहा-आठ महिन्यांत स्वतः करावं लागेल. एक वही घाल. केस, कशाचा संशय, काय दिलं, का दिलं, आणि तिसऱ्या दिवशी फोन करून काय कळलं. अँटिबायोटिक न दिलेल्या केसेससुद्धा लिही, त्या तर आवर्जून लिही. पन्नास पानं भरली की ती वही सरांना दाखव. त्यांच्या डोळ्यांना जे दिसत आलंय, त्याच्या शेजारी तुझ्याकडेही दाखवायला काही असेल.

आमच्या भागातले जुने पोल्ट्रीवाले सांगतात की कोलिस्टिन हे पक्ष्यांच्या हगवणीवरचं साधं, स्वस्त औषध होतं. ते सरकारने का बंद केलं? माझा मुलगा पशुवैद्यकच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्यालाही नीट सांगता आलं नाही.
— ब्रॉयलर शेडमालक, नाशिक जिल्हा

कोलिस्टिन जुनं औषध आहे. माणसांच्या मूत्रपिंडाला त्रास होतो म्हणून डॉक्टरांनी ते बाजूला ठेवलं होतं, आणि इकडे कोंबड्यांच्या खाद्यात ते राजरोस वापरलं जात होतं. मधल्या काळात माणसांचे काही जंतू बाकी कुठल्याच औषधाला दाद देईनात, तेव्हा अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांना हेच जुनं औषध पुन्हा हातात घ्यावं लागलं. म्हणजे तुमच्या खाद्याच्या पोत्यातलं औषध हे मरणाच्या दारातल्या माणसाचं शेवटचं औषध होतं. २०१५ साली चीनमधून बातमी आली की कोलिस्टिनला न जुमानण्याचं जनुक डुकरांमध्ये, मांसात आणि रुग्णांमध्येही सापडलंय, आणि ते एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतं. परीक्षेत चिठ्ठी पुढे सरकवावी तसं. जिवाणूंच्या पोटात जनुकांची एक सुटी गोल साखळी असते, तिच्यावर बसून ते जातं. चिठ्ठी घेणारा जिवाणू त्याच जातीचा असावा लागतो असंही नाही. भारतात जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिन अन्न देणाऱ्या जनावरांसाठी, कोंबड्यांसाठी आणि मत्स्यपालनासाठी बंद झालं. मला तो निर्णय योग्य वाटतो, आणि उशिरा झाला असंही वाटतं.

शेडपुरतं बोलायचं तर तूस कोरडं ठेवा, पाण्याच्या टाक्या आणि निपल लाइन, म्हणजे कोंबड्या पाणी पितात ती नळी, दोन बॅचच्या मध्ये धुवा. मुलाला सुट्टीत हे काम द्या. त्याच्या पुस्तकातलं अर्धं प्रकरण तिथे त्याला दिसेल.

परीक्षेत 'अँटिबायोटिक रेझिस्टन्स म्हणजे काय' याचं उत्तर मी असं लिहिलं : "वारंवार औषध दिल्याने जनावराच्या शरीराला त्याची सवय होते व औषध लागू पडत नाही." मला शून्य गुण मिळाले. माझं काय चुकलं?
— द्वितीय वर्षाचा विद्यार्थी, विदर्भ

शून्य जरा कठोर झालं, पण उत्तर चुकलंय खरं. आणि या चुकीत थोडा दोष आपल्या शब्दांचा आहे. मराठीत आपण 'रोगप्रतिकारशक्ती' म्हणतो, ती जनावराची. 'प्रतिजैविक प्रतिरोध' म्हणतो, तो जंतूचा. दोन्हीकडे 'प्रति', दोन्ही शब्द सारखेच कानावर पडतात, आणि प्रतिकार करणारा कोण हेच निसटतं. मी वर्गात साधं वाक्य सांगायची : गाय औषधाला सरावत नाही, जंतू निर्ढावतो. ज्या म्हशीला आयुष्यात एकदाही अँटिबायोटिक टोचलेलं नाही, तिलाही निर्ढावलेल्या जंतूची लागण होऊ शकते. शरीराला सवय लागण्याचा प्रश्न असता, तर असं झालंच नसतं.

माझ्या एका विद्यार्थिनीने हे जसं शिकलं ते तुला सांगते. तिच्या घरच्या म्हशीला कासदाह झाला होता. वडिलांनी आठवड्यात दोन औषधं करून पाहिली, आधी जेंटामायसिन, मग ऑक्सिटेट्रासायक्लिन. दुधात गुठळ्या तशाच. प्रत्येक वेळी त्यांचा एकच शब्द होता, "अजून पॉवरचं द्या." शेवटी ही मुलगी काही दिवस सगळी औषधं थांबवून नमुना घेऊन आली. सड धुऊन कोरडं केलं, स्पिरिटच्या बोळ्याने टोक पुसलं, पहिल्या दोन-तीन धारा सोडून दिल्या आणि मगच निर्जंतुक नळीत दूध घेतलं. नळी बर्फात घालून आणली. आधी जंतू वाढवून ओळखला. तो निघाला स्ट्रेप्टोकॉकस. मग रक्त मिसळलेल्या अगारच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीच्या, बशीवर तो पसरवला आणि औषध मुरवलेल्या कागदाच्या चकत्या मांडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बशी खिडकीच्या उजेडात धरली. लालसर अगारवर जंतूंची बारीक, दवासारखी साय धरली होती. जेंटामायसिनच्या चकतीपर्यंत ती साय जवळजवळ जाऊन भिडली होती. ऑक्सिटेट्रासायक्लिनच्या भोवतीही तेच. आणि कोपऱ्यातल्या पेनिसिलिनच्या चकतीभोवती स्वच्छ, गोल, रुंद मोकळी जागा, म्हणजे तिथे जंतू वाढलाच नव्हता. पेनिसिलिन! पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये पन्नासच्या दशकात बनू लागलेलं, आजोबांच्या काळचं औषध. या जातीच्या जंतूवर एकटं जेंटामायसिन मुळातच फारसं चालत नाही. तो त्याचा जन्मजात स्वभाव आहे. ऑक्सिटेट्रासायक्लिनला मात्र तो नंतर निर्ढावलेला होता. प्रतिरोध हा असा दोन प्रकारचा असतो, हे तिला त्या एका बशीत दिसलं. ती कितीतरी वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "मॅडम, बाबा पॉवरचं शोधत होते. हवं होतं नेमकं."

एक सावधगिरी, जी तुझ्या पुढच्या परीक्षेत नक्की कामाला येईल. सगळ्यांत मोठं वर्तुळ ज्याचं, ते सगळ्यांत चांगलं औषध, असं नसतं. प्रत्येक औषध अगारमध्ये वेगळ्या वेगाने पसरतं. वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजून त्या औषधाच्या तक्त्याशीच ताडून पाहायचं. दोन औषधांची वर्तुळं एकमेकांशी ताडायची नाहीत. मोठ्या वर्तुळाच्या मोहाने गरज नसताना सेफ्ट्रियाक्झोन लिहिणारे मी फार पाहिलेत, आणि दर वेळी वाईट वाटलंय. माणसांच्या गंभीर आजारांसाठी राखून ठेवावं असं ते औषध आहे.

गायीला कासदाह झाला म्हणून एका सडात औषधाच्या ट्यूब सोडल्या, तीन दिवस इंजेक्शनं झाली. गाठी गेल्या, दूध पांढरंशुभ्र झालं. पण घरी विरजण लावलं तर दही लागत नाही. दोनदा लावलं, पाणीदार राहिलं. दूध उकळून प्यायलं तर चालेल ना? सध्या ते मी वासराला पाजतो, फेकवत नाही.
— दूध उत्पादक, संगमनेर तालुका

दादा, तुमच्या विरजणाने कुठल्याही प्रयोगशाळेच्या आधी तुम्हाला उत्तर दिलंय. दही लावतात ते जिवाणूच. तुमच्या दुधात अजून अँटिबायोटिक आहे, ते विरजणातल्या जिवाणूंना वाढू देत नाही. मात्र उलटं धरून चालू नका. दही लागलं म्हणजे दूध शुद्ध, असं नाही. थोड्या अंशाला विरजण दाद देत नाही, पण डेअरीतली औषध तपासायची पट्टी देते.

उकळण्याने जंतू मरतात, औषध जात नाही. बरीचशी अँटिबायोटिक्स चुलीवरच्या उकळीला पुरून उरतात. म्हणून ते दूध घरातही नको आणि डेअरीलाही नको. एका सडातच ट्यूब सोडली होती, बाकीच्या तीन सडांचं चालेल, असं पुष्कळ जण म्हणतात. तेही नको. तुम्ही तर इंजेक्शनंही दिलीत, ती रक्तातून चारही सडांत उतरतात.

आणि वासराला तर मुळीच पाजू नका. मला ठाऊक आहे, दूध ओतून देताना जीव तुटतो. मीही गोठ्यातच वाढले. पण त्या दुधात औषध थोडं-थोडं असतं, आणि असं थोडं औषध रोज पोटात गेलं की वासराच्या आतड्यात निर्ढावलेलेच जंतू माजतात. उद्या त्याला हगवण लागली की तुमच्या डॉक्टरांच्या हातातलं औषध चालणार नाही. गोठ्यापासून आणि ओढ्यापासून लांब खड्डा घेऊन त्यात ओता, वर माती ढकला. ट्यूब आणि बाटल्या शेणखताच्या उकिरड्यावर फेकू नका, दवाखान्यात परत द्या.

आता किती दिवस थांबायचं ते. बाटलीच्या किंवा ट्यूबच्या खोक्यावर दुधासाठीचा 'विथड्रॉअल पिरियड', म्हणजे दूध वापरू नये तो काळ, छापलेला असतो, तो डॉक्टरांकडून वाचून घ्या. २०१२ सालापासून आपल्याकडे नियम आहे : त्या औषधाचा असा काळ ठरवलेला नसेल, तर दुधाला किमान ७ दिवस आणि मांसाला किमान २८ दिवस. हे दिवस पहिल्या इंजेक्शनपासून मोजायचे नाहीत, शेवटच्या मात्रेपासून मोजायचे. दोन वेळा धार काढता म्हणजे सात दिवसांच्या चौदा धारा.

माझे वडील करायचे तसं करा. गायीच्या मागच्या पायात लाल चिंधी बांधा, म्हणजे धारेला कुणीही बसलं, घरचं असो की गडी, त्याला कळेल. दावणीच्या वरच्या भिंतीवर खडूने जितक्या धारा थांबायचं तितक्या रेघा, सात दिवसांना चौदा, ओढा आणि प्रत्येक धारेनंतर एक रेघ पुसा. त्या गायीची धार सगळ्यांत शेवटी आणि वेगळ्या बादलीत काढा. एका गायीचं दूध अख्ख्या कॅनमध्ये मिसळलं तर कॅनच नाकारला जातो. शेवटची रेघ पुसली की चिंधी सोडा, आणि डेअरीवर नेण्याआधी एकदा घरी वाटीभर विरजण लावून बघा.